शनिवारचं तेल

"आज तेल जरा कमी घ्या, वन्सं," एलिसा म्हणाली. "दुपारी फादर येतायत. ते लावणारच आहेत."

मनोरमाचा हात जागच्या जागी थांबला. दवाखान्यातून घरी आणल्यापासून रोज सकाळी भावजयीचा डावा हात मांडीवर घ्यायचा आणि कोमट खोबरेल लावून एकेक बोट सोडवायचं, हा तिचा नेम झाला होता. गणपती उठले त्याच आठवड्यात एलिसाला झटका आला. पाय सावरला, जीभही सावरली, शब्द तेवढे अजून जड पडायचे. पण डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. रक्ताची गुठळी हृदयातून वर गेली होती. हृदयाची एक झडप फार जुनी खराब झालेली आहे, ती बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोमवारी ऑपरेशन होतं.

"कसलं तेल?" मनोरमानं विचारलं. विचारलं खरं, पण तिला ठाऊक होतं. वसईजवळच्या उमेळ्यात सगळा जन्म काढलेल्या बाईला ते ठाऊक नसून कसं चालेल? आळीतली अर्धी घरं ख्रिस्ती. हातात छोटी पिशवी घेऊन पाद्री एखाद्या घरात घाईनं शिरताना दिसले, की संध्याकाळी त्या घरापुढे खुर्च्या मांडल्या जायच्या. हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

"आजाऱ्याला लावतात ते."

"आजाऱ्याला कसलं, मरणाऱ्याला लावतात. आणि आज शनिवार आहे. शनिवारी घरात तेल आणू नये."

"विकत कुठे आणतोय? फुकट येतंय," एलिसा म्हणाली आणि तोंडाच्या एका बाजूनं हसली.

मनोरमा हसली नाही. तिनं तेलाची वाटी उचलली, पदराला हात पुसले आणि ओटीवर निघून आली.

ओटीवर एलिसाचा मुलगा सुमेध नुकताच येऊन टेकला होता. चंदनसारला नवा फ्लॅट घेतल्यापासून तो शनिवार-रविवार उगवायचा. त्याची बहीण उन्नती मात्र आईचं आजारपण सुरू झाल्यापासून सासरचं सगळं सोडून इथेच राहिली होती. मनोरमानं दोघांना बातमी सांगितली. उन्नतीला ती आधीच माहीत होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"आत्या, फोन मीच लावून दिला फादरना," ती म्हणाली. "आईनं सांगितलं म्हणून."

"अगं पण विचार तरी करायचा!" सुमेध उसळला. "सर्जन काय म्हणाले? पेशंटचा मूड चांगला ठेवा, टेन्शन देऊ नका. आणि आपण काय करतोय, तर पाद्रीबुवांना बोलावून तिला सांगतोय, की बाई, आवराआवर कर."

"तिनं मागितलंय रे, दादा."

"ती घाबरून मागतेय. हे मामाचं डोकं असणार."

मनोरमाच्या मनात नेमकं तेच आलं होतं. एलिसाचा थोरला भाऊ निकोलस तिच्या माहेरी, वटारला असायचा. मनोरमाच्या भावानं, सुधाकरनं, एलिसाशी लग्न केलं ते बिशपांची रीतसर परवानगी काढून, चर्चमध्येच. पण त्या लग्नाला मुलीकडचं एकही माणूस आलं नव्हतं. मुलाकडूनही एकटी मनोरमाच गेली होती. पुढे राग निवला, बाजारात दिसल्यावर बोलणं सुरू झालं, तरी निकोलस या घराची पायरी चढला तो थेट आत्ता, बहिणीला झटका आल्यावर. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी येत होता. मनोरमा त्याला चहा द्यायची, तब्येतीचं सांगायची, आणि मनात म्हणायची, इतकी वर्षं आम्ही सांभाळलेली बहीण आता हा परत न्यायला आलाय.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला," सुमेध म्हणाला.

सुधाकर अंगणात आकडीनं सोनचाफ्याची फुलं काढत होता. वाडीच्या कुंपणापलीकडे आता सात मजले उभे राहिले होते आणि तिकडचं ऊन अडल्यापासून चाफा खालच्या फांद्यांना फुलत नव्हता. त्यानं मान वर ठेवूनच उत्तर दिलं.

"तिला हवं तसं."

झटका आल्यापासून तो एवढंच बोलायचा. डॉक्टरांनाही, मुलांनाही, बहिणीलाही.

निकोलस जेवणवेळेच्या आधीच आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात सुकेळ्यांचा पुडा. आत जाण्याऐवजी त्यानं मनोरमाला खुणेनं विहिरीकडे बोलावलं. मनोरमा कंबर कसूनच गेली. काय काय बोलायचं ते तिनं जाता जाता मनाशी जुळवून घेतलं होतं.

"मनोरमाताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "एलिसा तुमचं ऐकते. तिला सांगा, आज तेल नको."

मनोरमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्हीच ना तिच्या डोक्यात भरवलंत?"

"मी कशाला भरवू? मला सकाळी उन्नतीचा फोन आला, तसा हातातलं काम टाकून निघालो मी." तो विहिरीच्या कठड्यावर बसला. सत्तरी ओलांडलेला, भात-केळी करून रापलेला तो माणूस खरंच थकलेला दिसत होता. "आमची आई गेली तेव्हा एलिसा पाळण्यात होती. तिला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. फादर सायकलवरून आले. त्या वेळी डोळ्यांना, कानांना, ओठांना, तळपायांना, सगळीकडे तेल लावायचे. मेणबत्ती माझ्या हातात दिली होती. आईनं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांना तेल लावायच्या आधी. दिवेलागणीला ती गेली."

त्यानं सुकेळ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला.

"पुढे बाबांच्या वेळी फादर आले, तर मी मळ्यात जाऊन बसलो. दर रविवारी मिस्साला जातो, ताई, देवाधर्मात मी मागे नाही. पण ते तेल निघालं की मी तिथे उभा राहू शकत नाही."

मनोरमानं मनाशी जुळवलेलं सगळं भाषण विरघळून गेलं. जो माणूस बहिणीला ओढून न्यायला आलाय असं ती धरून चालली होती, तो तिच्यासारखाच घाबरला होता. ती त्याच्या शेजारी कठड्यावर टेकली. "चला," ती म्हणाली, "आपण दोघं मिळून सांगू. दोघांना नाही म्हणायला तिला जड जाईल."

"जाईल," निकोलस म्हणाला. जरा थांबून त्यानं पुढे जोडलं, "आणि समजा, सोमवारी काही बरंवाईट झालंच, तर वटारला आईच्या शेजारी जागा आहे. मी फादरशी बोलून..."

मनोरमा उठून उभी राहिली. "काय म्हणालात?"

"समजा म्हटलं, ताई."

"समजासुद्धा नको. या घरची सून आहे ती. या घरची माणसं जिथे गेली तिथेच..." आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं जीभ चावली. पण मागच्या दारात सुमेध उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

मग जे व्हायचं तेच झालं. तिघंही एकमेकांशी दबक्या आवाजात भांडत एलिसाच्या खोलीपर्यंत आली.

"मोठ्यानं बोला," आतून एलिसा म्हणाली. "हात गेलाय माझा, कान आहेत."

ती उशीला टेकून बसली होती. उन्नतीनं तिचे केस विंचरून वेणी घातली होती. तिघंही आत शिरली.

"आई, मामा तुझ्या कबरीची जागा ठरवतोय," सुमेध म्हणाला.

"आणि तुझी आत्या मला स्मशानात नेतेय ना? ऐकलं मी." एलिसानं नणंदेकडे पाहिलं, मग भावाकडे. "पण त्याआधी तुमचं दोघांचं एकमत झालं होतं म्हणे. ते कशावर?"

निकोलसनं खाली पाहिलं. मनोरमाच म्हणाली, "तेल नको यावर."

तेवढ्यात दारात सुधाकर येऊन उभा राहिला. हातात चाफ्याची परडी तशीच. "मी एक बोलू?" त्यानं विचारलं. त्या घरात कुणी परवानगी मागून बोलत नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्ही हिला जाळा नाही तर पुरा, मला त्यातलं काही ऐकायचं नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी सोमवारी हिला घेऊन जाणार आहे आणि परत आणणार आहे. लग्नाला हिच्याकडचं कोणी आलं नव्हतं, तेव्हा मी म्हटलं, नसू दे. आता आलेत ते येण्याजाण्यापुरते येऊ देत. वाटणीला कुणी बसू नये."

निकोलसचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "चुकलं माझं, सुधाकरराव." आणि मनोरमालाही तेच म्हणायचं होतं, पण भावाला 'चुकलं' म्हणायची सवय नसल्यामुळे तिनं त्याच्या हातातली परडी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"बसा सगळे," एलिसा म्हणाली. बोलताना ती मध्ये मध्ये थांबत होती, शब्द गोळा करत होती, आणि कुणीही तिला शब्द पुरवला नाही. "डॉक्टर म्हणतात, काही होणार नाही. सुमेध म्हणतो, रिलॅक्स, आई. हे म्हणतात, तुला हवं तसं. वन्सं रोज हात चोळतात आणि म्हणतात, बघ, कालच्यापेक्षा सैल आहे. सगळे मला धीर देता. पण मला भीती वाटते. रोज वाटते. छाती फाडणार आहेत माझी. हे मी कुणाजवळ बोलू? तुमच्याजवळ बोलले तर तुमचेच चेहरे बघवत नाहीत. फादर येतील, त्यांच्यापुढे मला घाबरता येईल. एवढंच पाहिजे मला."

उन्नती आईच्या पायाशी बसली आणि पांघरूण उगाचच नीट करू लागली.

बाहेर स्कूटर थांबली.

फादर मर्विन तिशीतले, नुकतेच या धर्मग्रामात आलेले. हेल्मेट काढून त्यांनी आधी पाणी मागितलं, कारण वाटेत ऊन लागलं होतं. पाणी मनोरमानंच नेऊन दिलं, आणि ते पीत असतानाच तिनं विचारून घेतलं. तिला आडवळणानं बोलता येत नसे.

"फादर, तुम्ही तेल लावलं की माणूस जातं. हे खरं की खोटं?"

फादरांनी पेला खाली ठेवला. "मावशी, आम्हाला बोलावतात केव्हा? डॉक्टरांनी हात टेकले की. मग आम्ही आलो आणि माणूस गेलं, असं दिसतं. आजारपणाच्या सुरुवातीला बोलवा म्हणून मी रविवारी सांगून सांगून थकलो. पण लोक म्हणतात, नको, फादरना बघून आजारी घाबरेल."

"मग हे निरोपाचं नाही?"

"नाही. रुग्णाभ्यंग म्हणतात त्याला. आजाऱ्याला बळ यावं, मनाला शांती मिळावी, देवाची इच्छा असेल तर बरंही वाटावं. म्हातारपणी घेता येतं, ऑपरेशनच्या आधी घेता येतं. एकदा घेतलं म्हणजे पुन्हा घेता येत नाही असंही नाही."

मनोरमानं एवढं सगळं ऐकून घेतलं. पटलं असं तिला म्हणवेना, पण पेला उचलताना तिनं विचारलं, "टेबलावर काय काय लागतं?"

उन्नतीनं सांगितलं, पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, थोडा कापूस. मनोरमानं कपाटातून सुधाकरचा कोरा पंचा काढून दिला. कापूस तिच्याकडे फुलवातींसाठी वेचून ठेवलेला होता, त्यातला एक स्वच्छ बोळा तिनं देवघरातून आणला. एलिसाचा छोटा क्रूस उशाच्या कोनाड्यातच असायचा, तो उन्नतीनं मेणबत्त्यांच्या मधोमध ठेवला.

आधी पापनिवेदन. फादरांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. ओटीवर सगळे ताटकळत बसले. आतून एलिसाच्या आवाजाची नुसती कुजबुज येत होती, मध्येच रडण्याचा आवाज, मग पुन्हा कुजबुज.

"एवढा वेळ काय सांगतेय आई?" सुमेध म्हणाला.

"संसार केलाय तिनं," मनोरमा म्हणाली. "वेळ लागायचाच."

दार उघडलं तेव्हा एलिसाचे डोळे लाल होते, पण खांदे सैल पडले होते. मनोरमाला तिच्या खांद्यांवरूनच तिची तब्येत कळायची. सुधाकर आणि मुलं आत गेली. मनोरमा उंबऱ्याशीच उभी राहिली. आपल्याला यातलं काय कळतं, असं तिला वाटत होतं. निकोलस तर उंबऱ्यापर्यंतही आला नाही. तो बाहेर खिडकीखाली पाठ करून उभा होता.

फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, आजाऱ्यासाठी मंडळीनं प्रार्थना करावी असं सांगणारा शास्त्रातला छोटा उतारा वाचला. मग काही न बोलता त्यांनी दोन्ही हात एलिसाच्या डोक्यावर ठेवले. बराच वेळ ठेवले. शेजारच्या इमारतीत फरशी कापायचं यंत्र चालू होतं, तेही नेमकं तेव्हा थांबलं, आणि खोलीत नुसता चाफ्याचा वास राहिला. फादरांनी छोट्या डबीतल्या तेलात अंगठा बुडवून एलिसाच्या कपाळावर क्रूस काढला. प्रभूनं आपल्या दयेनं तुला साहाय्य करावं, असं ते म्हणाले. "आमेन," एलिसा म्हणाली. मग उजव्या तळव्यावर क्रूस काढला. मग त्यांनी डावा हात हातात घेतला.

मूठ उघडेना. फादर हळूच बोटं सोडवू लागले, तशी एलिसाच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लगेच हात थांबवला. "वरून लावलं तरी चालतं," ते म्हणाले.

"थांबा, फादर," मनोरमा म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली.

ती पलंगाच्या कडेला बसली, रोज बसायची तशी. एलिसाचा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला, मनगट आधी खालच्या बाजूला वाकवलं, मग आपला अंगठा मुठीच्या खालून आत सरकवला आणि वाट पाहिली. रोज सकाळीही ती अशीच वाट पाहायची. करंगळी सैल पडली, तिच्या शेजारचं बोट पडलं, आणि तळवा हळूहळू उघडला. बोटं पुन्हा मिटू नयेत म्हणून तिनं ती धरून ठेवली.

"आता लावा," ती म्हणाली.

फादरांनी तळव्यावर क्रूस काढला. त्यातलं थोडं तेल मनोरमाच्या अंगठ्यालाही लागलं. फादरांनी आपला अंगठा कापसाला पुसला. मनोरमाला आपल्या अंगठ्याचं काय करावं ते कळेना. तिनं तो पुसला नाही, नुसता एलिसाच्या तळव्यावरच राहू दिला.

"प्रभू तुला उठवो," असं काहीतरी फादर शेवटी म्हणाले. त्या 'उठवो'पाशी तिचं मन अडकलं. मरणाऱ्याला कुणी ऊठ म्हणत नाही.

मग त्यांनी 'आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. उन्नतीला येत होतं, सुधाकरला अर्धंमुर्धं येत होतं. दुसऱ्या ओळीला खिडकीबाहेरून एक जाड, घोगरा आवाज त्यात मिसळला, तिसऱ्या ओळीला तो दारात आला, आणि प्रार्थना संपली तेव्हा निकोलस बहिणीच्या पायांवर हात ठेवून उभा होता.

फादर ख्रिस्तप्रसाद देऊन, चहा घेऊन गेले. एलिसा म्हणाली, "मला झोप येतेय." तारीख ठरल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली.

इतकी गाढ, की मनोरमाला ते आवडलं नाही.

ती पलंगाशी स्टूल ओढून बसली. कुणी विचारलं तर सांगायला म्हणून हातात निवडायची मेथी घेतली. पलीकडच्या बाजूला निकोलस खुर्चीत बसला. तोही निघायचं नाव घेईना. दोघंही पांघरुणाकडे बघत होती.

"श्वास चालू आहे ना?" जरा वेळानं निकोलसनं कुजबुजून विचारलं.

"आहे. मला दिसतोय."

"मला इकडून दिसत नाही."

"मग इकडे या."

तो खुर्ची उचलून, आवाज न करता, तिच्या शेजारी येऊन बसला. ऊन भिंतीवरून वर चढत गेलं आणि नाहीसं झालं. सुमेध दोनदा डोकावून गेला. दोघं म्हातारी माणसं शेजारी शेजारी बसून एकाच जागी टक लावून बघतायत, हे पाहून तो तसाच परतला. मेथीची जुडी होती तशीच राहिली. देवघरात दिवा लावायची वेळ झाली, तरी मनोरमा उठली नाही. उन्नतीनं लावला. लांबून चर्चची संध्याकाळची घंटा ऐकू आली. निकोलसनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि तो हात तसाच मुठीत धरून ठेवला. त्याला कुठली दिवेलागण आठवत होती, ते मनोरमाला आता ठाऊक होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाली, "चालू आहे. बघा, पांघरूण हलतंय."

एलिसानं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"असे काय बसलाय दोघं?" तिनं विचारलं. "कोण गेलं?"

निकोलस हसला आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. तो त्यांच्या बोलीत भरभर काहीतरी बोलत सुटला. मनोरमाला ती बोली बोलता येत नसे, पण समजायची सगळी. त्यात आईचं होतं, सायकलचं होतं, मेणबत्तीचं होतं. एलिसा त्याच्याकडे बघत ऐकत राहिली. हे सगळं तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"दादा," मग ती म्हणाली, "आई दिसायची कशी?"

निकोलस सांगू लागला. मनोरमा उठली. स्वयंपाकघरातून तिनं हाक मारून विचारलं, "एलिसा, काही खाशील का गं?"

"बोंबलाचं कालवण. मीठ कमी."

"आज शनिवार आहे!"

"मग?"

मनोरमानं क्षणभर विचार केला, आणि उन्नतीला बाजारात पिटाळलं.

सोमवारचं ऑपरेशन लांबलं, बाहेर बसलेल्यांचा जीव टांगणीला लागला, पण झडप नीट बसली आणि एलिसा घरी आली. डॉक्टरांचे उपकार मनोरमानं सगळ्यांना सांगितले. पण आळीत कुणी खोदून विचारलंच, तर ती म्हणायची, सोमवारचं मला काही सांगू नका, आमची एलिसा वाचली ती शनिवारी, दिवेलागणीला. निकोलस शेजारी असला तर तोही सांगायचा, हो, मी तिथेच बसलो होतो.